जिनिंगवाल्याशी करार करायचा तर आधी कॅलेंडर बदला

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, ऑगस्ट-सप्टेंबरला कधी गेलात का? जिनिंग म्हटलं की आपल्याला कापसाच्या गंजी, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग आणि कान बसवणारा आवाज आठवतो. पावसाळ्यात तिथं शुकशुकाट असतो. गेटवर चौकीदार, आवारात कमरेएवढा तरोटा. पण आत शेडमध्ये एक मिस्त्री आणि दोन हेल्पर मशीन खोलून बसलेले असतात. चामड्याचे रोलर उतरवलेले, चाकू काढून गोणपाटावर मांडलेले, बेअरिंगा रॉकेलच्या घमेल्यात. आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या पोरांनी दोन वर्षांत हे काम एकदाही पाहिलेलं नसतं, आणि आयटीआय तिथून चार किलोमीटरवर असतं.

हे चार किलोमीटर कसे कापायचे, म्हणजे कारखान्यांशी करार करून पोरांना तिथं शिकायला कसं पाठवायचं, ते या लेखात सांगतो. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक (इन्स्ट्रक्टर) आहे. कारखान्यांशी बोलणी करायचं काम बारा वर्षांपासून माझ्याच गळ्यात आहे. लेख आयटीआयवाल्यांसाठी आहेच, पण ज्या कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजांत आता ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) सक्तीचं झालंय आणि पोरांना कुठं पाठवायचं हा प्रश्न पडलाय, त्यांच्याही उपयोगाचा आहे.

आधी आमची फजिती

पहिला करार केला तेव्हा फोटो झकास निघाला. मालक, प्राचार्य, मी, मधे बुके, मागे बॅनर. मार्चमध्ये वीस पोरं पंधरा दिवसांसाठी एका डाळ मिलमध्ये पाठवली. परत आल्यावर डायऱ्या तपासायला घेतल्या. एकाच्या डायरीत सलग तेरा दिवस एकच नोंद होती: ‘पोती शिवली.’ चौदाव्या दिवशी ‘सुट्टी’. पंधराव्या दिवशी ‘निरोप समारंभ, समोसा’.

मी मालकावर चिडलो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा चूक आमच्याच बाजूला सापडली. मार्चमध्ये तुरीची आवक जोरात असते, मिल दोन पाळ्यांत चालते. अशा वेळी वीस अनोळखी पोरं मशीनजवळ कोण येऊ देईल? मिस्त्रीला तर ती येणार हेही कोणी सांगितलेलं नव्हतं. करारात तारखा होत्या, पण त्या आमच्या सोयीच्या: परीक्षेआधी मोकळा पंधरवडा सापडला, तो टाकून दिला.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. करार कोणत्या कागदावर होतो याला फार महत्त्व नाही. पोरं कोणत्या महिन्यात जातात आणि कोणत्या मिस्त्रीच्या हाताखाली जातात, याला आहे.

पहिलं काम: पंचवीस किलोमीटरचा फेरा

विदर्भात उद्योग म्हटलं की लोक बुटीबोरीचं नाव घेतात, नाहीतर चंद्रपूरकडचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल, कोळशाच्या खाणी. तुमचं गाव त्यांच्या जवळ असेल तर उत्तम. पण बहुतेक तालुक्यांच्या आसपास असतात ते लहान उद्योग. वर्धा-यवतमाळकडे जिनिंग-प्रेसिंग, अकोल्याकडे डाळ मिल, गोंदिया-भंडाऱ्यात आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सिंदेवाहीकडे राइस मिल, वरुड-मोर्शीत संत्र्याची ग्रेडिंग-पॅकिंग. शिवाय सगळीकडे सोलर पंप बसवणारे, ट्रॅक्टरची वर्कशॉपं, फॅब्रिकेशनची दुकानं. एकेका ठिकाणी दहा ते चाळीस माणसं. यांचा एचआर विभाग नसतो, वेबसाइट नसते, ते ईमेल पाहत नाहीत. यांच्याकडे स्वतःच जावं लागतं.

एसटीनं पोरगं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकेल एवढं अंतर धरा. आमच्याकडे ते पंचवीस किलोमीटर निघालं. त्यातल्या प्रत्येक युनिटला दोनदा जा, एकदा हंगामात आणि एकदा बंद असताना. यादी जिल्हा उद्योग केंद्रातून मिळते, पण ती जुनी असते. वजनकाट्यावरचा माणूस आणि मोटर रिवाइंडिंगचं दुकान यांच्याकडून ताजी माहिती मिळते. कोणत्या मिलची मोटर वर्षातून किती वेळा जळते हे रिवाइंडिंगवाल्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

मालकाला ‘किती पोरं घेता?’ असं विचारू नका. तो ‘पाठवा दोन-चार’ म्हणतो आणि विषय संपतो. मी असं विचारतो: मागच्या हंगामात मशीन किती वेळा बंद पडलं? दुरुस्तीला माणूस कुठून आला? यायला किती दिवस लागले? तेवढ्या वेळात किती माल अडकला? हिशेब त्यालाच करू द्या. एका जिनिंगवाल्यानं माझ्यासमोर पाकिटाच्या मागे आकडा मांडला, दोनदा खोडला, मग पेन ठेवून म्हणाला, ‘राहू द्या जी, सकाळी सकाळी.’ आमचा सगळ्यात टिकलेला करार त्याच पाकिटातून निघाला.

आणि मिस्त्रीला भेटल्याशिवाय परतू नका. दुपारी एकला, तो डबा उघडतो तेव्हा जा. मालकाला काय हवं ते मालक सांगतो. नवीन पोराला नेमकं काय येत नाही ते मिस्त्री सांगतो.

दुसरं: दोन कॅलेंडरं शेजारी टांगा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि हेच सगळ्यात कमी केलं जातं.

आयटीआयचं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास यायला लागतो, जिनिंग नोव्हेंबर ते मार्च जोरात चालतं, कुठं कुठं एप्रिल-मेपर्यंत ओढतात. म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर हा ओव्हरहॉलिंगचा काळ आणि मिस्त्रीला बोलायला वेळ असलेला काळ. मशीन बंद, वीज बंद, सगळे भाग खुले. फिटरच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी यापेक्षा सुरक्षित आणि भरलेली शाळा नाही. तीच पोरं डिसेंबर-जानेवारीत पुन्हा पाठवायची. आपण जोडलेलं मशीन चालतंय कसं, कुठं तापतंय, काय ढिलं होतंय ते पाहायला.

डाळ मिलचं गणित वेगळं. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीपासून येते, त्यामुळं तिची खोलाखोल त्याआधी. राइस मिलला धान दिवाळीनंतर मिळायला लागतं आणि भरडाई उन्हाळ्यापर्यंत चालते, तिथं पावसाळा मोकळा. संत्र्यात आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या मागेपुढे, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. सिमेंटसारख्या मोठ्या कारखान्यात भट्टीचा वार्षिक शटडाऊन असतो. तो बहुधा पावसाळ्यात येतो आणि त्या काही दिवसांत वेल्डर-फिटरला जे पाहायला मिळतं ते वर्षभरात मिळत नाही, पण तारीख आधीपासून विचारून ठेवावी लागते.

एका कागदावर बारा महिने आडवे, युनिटं उभी. जिथं मशीन उघडं असतं तिथं निळी रेघ, जिथं जोरात चालतं तिथं लाल. निळ्यात शिकायला पाठवायचं, लालमध्ये सरावाला. आमचा हा तक्ता स्टाफरूमच्या भिंतीवर आहे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तो क्रिकेटचा स्कोअर समजून पाहिला होता.

तिसरं: कायद्याची कोणती वाट धरायची

वाटा चार-पाच आहेत. सगळ्या एकदम धरू नका.

सर्वात सोपी वाट आयटीआयच्या अभ्यासक्रमातच आहे. प्रत्येक वर्षी 150 तास जवळच्या उद्योगात ऑन द जॉब ट्रेनिंग सक्तीचं आहे, ते शक्य नसेल तिथं ग्रुप प्रोजेक्ट. बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टचीच फाइल होते, कारण ती सोपी. पण 150 तास म्हणजे दिवसाला सहा तास धरले तर पंचवीस दिवस. बारा दिवस पावसाळ्यात, तेरा दिवस हंगामात. वरच्या तक्त्यात नेमकं बसतं.

पदवी कॉलेजांना नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ओजेटीचे 4 क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे 120 तास. बीकॉमच्या मुलीला जिनिंगमध्ये काय काम, असं विचारू नका. वजनकाट्याची पावती, खरेदीची नोंद, जीएसटी, गाठींचा हिशेब, बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट यासाठी मालक जिल्ह्याच्या सीएकडे चकरा मारतात. दाबून बांधलेल्या रुईची एक गाठ 170 किलोची धरतात. शंभर किलो कापसातून रुई (सरकी काढलेला कापूस) किती, सरकी किती, घट किती, हा हिशेब जिला जमला ती त्या कार्यालयात टिकते.

तिसरी वाट बीव्होक (व्यवसायशिक्षणाची पदवी) आणि कम्युनिटी कॉलेजची. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2013-14 च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, पाठोपाठ बीव्होक. बीव्होकमध्ये 60 टक्के भाग कौशल्याचा, 40 टक्के सामान्य शिक्षणाचा. एका वर्षानं पदविका, दोन वर्षांनी प्रगत पदविका, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. कागदावर छान आहे. पण त्या 60 टक्क्यांसाठी खरं यंत्र आणि खरा मिस्त्री लागतो. तो नसेल तर ते सगळं पीपीटीवर होतं. माझा सल्ला असा की दोन वर्षं ओजेटी नीट चालवून दाखवा, मगच बीव्होकचा प्रस्ताव टाका.

चौथी वाट अप्रेंटिसशिपची, म्हणजे शिकाऊ उमेदवारीची, आणि पैसा फिरतो तो इथंच. कायदा 1961 चा. 2019 च्या नियमदुरुस्तीनंतर 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 माणसं असलेल्यांना ऐच्छिक. संख्या एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के, आणि त्यात कंत्राटी माणसंही धरतात. म्हणजे 40 माणसांच्या जिनिंगला किमान एक घ्यावाच लागतो, जास्तीत जास्त सहा घेता येतात. ‘आमच्या पगारपत्रकावर बाराच आहेत’ असं मालक सांगतो तेव्हा ठेकेदाराची माणसं मोजायची आठवण नम्रपणे करून द्या.

2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना 7000 रुपये ठरलं, दहावीवाल्याचं 6000, पदविकाधारकाचं 8000, पदवीधराचं 9000. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के भाग देतं, पण कमाल 1500. सात हजारांचे 25 टक्के 1750 होतात, तरी मिळतात 1500. उरलेले 5500 मालकाचे. सरकारचा हिस्सा उमेदवाराच्या आधार जोडलेल्या खात्यात थेट जातो. म्हणून करारापूर्वी प्रत्येक पोराचं खातं तपासा. आमच्या एका बॅचमध्ये चौघांची खाती आईच्या नावाची निघाली, तर एकाचं खातं वापर नसल्यानं बंद पडलेलं. करार करताना विद्यावेतनाचा दर अप्रेंटिसशिप पोर्टलवरचा त्या दिवसाचा धरा. नोंदणीत अडलात तर जिल्ह्याच्या बीटीआरआय (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या) केंद्रातले सहायक शिकाऊ उमेदवार सल्लागार मदत करतात. तेच त्यांचं काम आहे.

ड्युअल सिस्टिम ऑफ ट्रेनिंगही आहे. त्यात प्रशिक्षणाचे काही महिने सलग कारखान्यातच जातात. मोठा कारखाना हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

चौथं: लहान युनिटांची मोळी बांधा

एक जिनिंग वीस पोरं घेऊ शकत नाही, घेतली तर ती पोती शिवतात. आठ युनिटं मात्र प्रत्येकी तीन घेऊ शकतात. म्हणून आम्ही एक मोठा करार सोडून आठ छोटे केले, सगळ्यांचा मसुदा एकच. पोरं दर आठवड्याला फिरतात: एक आठवडा जिनिंग, एक डाळ मिल, एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान. यात आणखी एक सोय आहे. एखाद्या मालकाचं बिनसलं तरी सात उरतात, योजना कोलमडत नाही.

मालकांना एकत्र बसवायला जागा बाजार समितीची घ्या, आयटीआयची नको. आयटीआयमध्ये ते पाहुण्यासारखे बसतात आणि ‘छान उपक्रम आहे’ म्हणून उठतात. बाजार समितीत भांडतात, म्हणजे खरं बोलतात.

पाचवं: मालकाच्या तीन भीती

पहिली भीती: ‘पोट्टं शिकलं का पयते पुण्याले.’ हे खरं आहे, खोटं सांगू नका. मी म्हणतो, पळेल तो पळेल, पण ज्याच्या घरी पाच एकर शेती आणि म्हातारे मायबाप आहेत तो पळणार नाही. असे मी निवडून देतो. निवड करताना टक्केवारीपेक्षा हे जास्त पाहतो. यावर आमच्या सहकाऱ्यांत वाद आहे. एक मॅडम म्हणतात की हुशार पोराला गावात बांधून ठेवायचा हा डाव आहे. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून आम्ही पोरालाच विचारतो, बाहेर जायचंय का इथंच राहायचंय, आणि त्याप्रमाणे यादी दोन भागांत करतो.

दुसरी भीती अपघाताची. याचं उत्तर पुढं करारात देतो.

तिसरी भीती: एकदा सरकारी कागदावर सही केली की इन्स्पेक्टर मागे लागतील. इथं व्याख्यान देऊ नका. ज्यानं आधी अप्रेंटिस घेतलेत अशा दुसऱ्या मालकाला फोन लावून द्या आणि खोलीबाहेर जा.

सहावं: दोन पानांचा करार

स्टॅम्प पेपरवर ‘उभय पक्ष कौशल्यविकासासाठी कटिबद्ध’ वगैरे चार ओळी असाव्यात, प्राचार्यांना बरं वाटतं. पण खालच्या गोष्टी नावानिशी हव्यात.

एका वेळी किती पोरं, कोणत्या तारखांना. कोणती कामं दाखवायची, मशीनच्या नावासह. कोण शिकवणार, त्या मिस्त्रीचं नाव. आणि त्याचं मानधन.

मानधनावर थांबतो, कारण सगळं अडतं ते इथं. मिस्त्री रोजंदारीवर असतो किंवा हंगामाच्या ठरावावर. पोरांना शिकवताना त्याचं काम मागे पडतं आणि बोलणी तोच खातो. शिवाय त्याला वाटतं, मी शिकवलेलं पोरगं उद्या माझ्याच जागेवर येईल. ही भीती भाषणानं जात नाही. आम्ही दर पोरामागे दर दिवसाला ठराविक रक्कम ठरवली, निम्मी मालकाकडून, निम्मी संस्था व्यवस्थापन समितीच्या निधीतून, आणि आठवड्याच्या शेवटी थेट त्याच्या हातात. शिवाय त्याला ‘अतिथी निदेशक’ असं लिहिलेलं ओळखपत्र दिलं. ते पत्र त्यानं घरी देवघराशेजारी लावलंय, मी पाहिलंय.

मग काय करायचं नाही त्याची यादी. हमाली नाही. रात्रपाळी नाही. चालत्या जिनमध्ये कापूस अडकला तर हात घालायचा नाही, आधी स्विच बंद, मग पट्टा थांबेपर्यंत उभं राहायचं. अठरा पूर्ण नसलेलं पोरगं चालत्या मशीनवर नाही. आयटीआयला चौदाव्या वर्षापासून प्रवेश मिळतो, तेव्हा पहिल्या वर्षात अशी पोरं असतातच. राइस मिलचा बॉयलर धानाच्या तुसावर चालतो, दिसायला चुलीसारखा, पण त्याच्या माणसाकडे बाष्पक विभागाचं सक्षमता प्रमाणपत्र लागतं. पोरानं तिथं बघायचं, हात लावायचा नाही. कापसाच्या शेडमध्ये बिडी-काडी आणि वेल्डिंगची ठिणगी, दोन्हीला बंदी.

विमा: अठरा पूर्ण झालेल्यांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला 20 रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, अंशतः कायम अपंगत्वाला 1 लाख. हे किमान. लहान वयाच्यांसाठी आणि दवाखान्याच्या खर्चासाठी वेगळा गट विमा घ्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच ठरवा. अप्रेंटिसला काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्यानं मालकावर येते, हे सही करण्याआधी स्पष्ट सांगा. लपवलं तर पहिल्या जखमेलाच करार संपतो.

शेवटी, सात दिवसांच्या नोटिसीवर दोघांपैकी कोणालाही बाहेर पडता येईल असं एक वाक्य. हे वाक्य असलं की मालक लवकर सही करतात, आणि गंमत म्हणजे मग कोणी बाहेर पडत नाही.

सातवं: शिकवायचं काय, ते मशीनजवळ ठरतं

करार झाला की निदेशकानं स्वतः आधी चार दिवस जिनिंगमध्ये घालवावे. मला जिनबद्दल काही येत नव्हतं, हे कबूल करायला जड गेलं. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, म्हणजे सिरकॉटचं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. शक्य असेल तर निदेशकाला आधी तिथल्या वर्गाला पाठवा.

डबल रोलर जिनचं तत्त्व साधं आहे. खरबरीत चामड्याचे दोन रोलर तंतू ओढतात, स्थिर चाकू सरकी अडवतो, हलता चाकू तिला ठोकून वेगळी करतो. सगळा खेळ दोन चाकूंच्या सेटिंगचा आणि रोलरवरच्या खाचांचा. सेटिंग चुकलं तर सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत जातात, भाव पडतो. खाचा झिजल्या तर रोलर कापूस धरत नाही. आमच्या पोरांना फीलर गेज माहीत होतं, मायक्रोमीटर माहीत होतं, फायलिंगचा जॉब तर आरशासारखा. पण ‘हे मशीन आज कापूस कमी का देतंय?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

जानेवारीतली एक सकाळ. चालू जिनांच्या ओळीत मिस्त्री चाचा एका मशीनशी थांबले, लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि दांडा कानाच्या मागच्या हाडाला लावला. दहा सेकंद. मग शेजारच्या मशीनवर तसंच. मग पोराला म्हणाले, ‘ऐक. हे गोड चालून राहिलं. आता ते ऐक. ते खडे खाते.’ पोरानं ऐकलं, मान हलवली, पण चेहऱ्यावरून कळत होतं की काही कळलं नाही. चाचांनी त्याला तीन दिवस रोज सकाळी सगळ्या मशीनांवर हेच करायला लावलं आणि कोणतं खडे खातं ते खडूनं खूण करायला सांगितलं. चौथ्या दिवशी दोघांच्या खुणा जुळल्या. पाचव्या दिवशी ते बेअरिंग काढलं. आतल्या रिंगला भेग होती.

हे कोणत्याच अभ्यासक्रमात सापडत नाही, म्हणून आम्ही कामाची कार्डं बनवली. एका कार्डावर एक काम: ‘आवाजावरून खराब बेअरिंग ओळखणे’, ‘रोलरला खाचा पाडणे’, ‘चाकूंचं सेटिंग’, ‘एलिव्हेटरचा पट्टा ताणणे’, ‘तीन फेज मोटरची दिशा बदलणे’. खाली तीन रकाने: पाहिलं, मदतीनं केलं, एकट्यानं केलं. सही मिस्त्रीची. भाषा मराठी, अक्षर मोठं, चाचांचा चश्मा नेहमी घरी राहतो. फिटरसाठी बावीस कार्डं झाली. पोती शिवण्याचं कार्ड नाही, त्यामुळं डायरीत ते लिहायला जागाही नाही.

निदेशकानं आठवड्यातून एकदा न सांगता जावं. हजेरी पाहायला नव्हे, कार्डं पाहायला.

आठवं: एसटी, डबा, बूट

नियोजनाच्या पुस्तकांत हे नसतं, पण निम्मी गळती इथं होते. आमची निम्मी पोरं ज्या गावांतून येतात तिथं शेवटची बस साडेपाचला असते, आणि जिनिंगचं काम सहाला सुटतं. एक तर मालकाकडून पाचला सोडायचं कबूल करून घ्या, नाहीतर त्या गावची पोरं जवळच्या युनिटला टाका. सेफ्टी बूट संस्थेनं द्यायचे. चप्पल घालून आलेल्याला परत पाठवायचं असं ठरवलं तर पहिल्या दिवशी सगळेच परत जातात. पेरणीच्या आठवड्यात आणि कापूस वेचणीच्या पहिल्या तोडणीत पोरं येत नाहीत. रागावून उपयोग नाही, त्या तारखा तक्त्यातून वगळा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कोणालाही पाठवू नका. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

मुलींचं वेगळं लिहितो. पाठवण्याआधी मी स्वतः संडास पाहून येतो, कडी आहे का तेही. नसेल तर मालकाला सांगतो, कडी लावा मग करार. एका मालकानं लावली. दुसऱ्यानं ‘इथं मुलींचं काम नाही’ म्हटलं. त्याच्याकडे आमची मुलं जातात, मुली जात नाहीत, आणि पुढच्या वर्षी मुलंही जाणार नाहीत. मुली एकट्या कधीच नाही, किमान दोघी. आणि एकदा पालकांना शेड दाखवून आणा. एका मुलीचे वडील सगळं पाहून म्हणाले, ‘माह्याच कापूस इथं येते, पोरीले काय भेव.’ त्यानंतर त्या गावातून चार मुली आल्या.

नववं: अवजारांचा पैसा

थोडक्यात. 2007-08 पासूनच्या सार्वजनिक-खासगी भागीदारी योजनेत देशातल्या 1396 आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळालं आणि उद्योजक अध्यक्ष असलेली संस्था व्यवस्थापन समिती आली. तुमची संस्था त्यात असेल तर समितीची बैठक खरोखर घ्या. खाणींच्या जिल्ह्यांत, म्हणजे चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, भंडारा, गडचिरोलीत, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो आणि कौशल्यविकास त्याच्या प्राधान्याच्या यादीत आहे. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. ‘अत्याधुनिक प्रयोगशाळा’ मागू नका, एक जुनं चालू स्थितीतलं डबल रोलर जिन आणि बेअरिंग पुलरचे सहा संच मागा. मोठ्या कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) मिळतो, पण त्यांना फलक मोठा लागतो. लावू द्या.

दहावं: मोजायचं केव्हा

प्लेसमेंटचा आकडा जूनमध्ये मोजला तर तो फसवा निघतो, कारण जूनमध्ये जिनिंग बंद असतं आणि नोकरी ‘लागलेलं’ पोरगं घरी असतं. आम्ही फेब्रुवारीत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा फोन करतो. ऑगस्टमध्ये जो कामावर आहे तो खरा टिकला. हंगामी उद्योगावर एका पोराचा संसार चालत नाही, ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ आहे आणि ती करारानं सुटत नाही. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे पोराला दोन हंगाम शिकवायचे: जिन आणि डाळ मिल, किंवा राइस मिल आणि सोलर पंप. आमच्या तिघांनी मिळून ओव्हरहॉलिंगची टोळी काढली. पावसाळ्यात ते पाच जिनिंगचं काम ठेक्यानं घेतात, दोघांकडे मोटारसायकल आहे, एकाकडे वेल्डिंग मशीन. उन्हाळ्यात मात्र त्यांनाही हात चोळत बसावं लागतं. त्यावर अजून तोड सापडलेली नाही.

यंदा सुरू करायचं असेल तर एप्रिलमध्ये फेरा, मेमध्ये मालकांची बैठक, जूनमध्ये करार आणि विमा, जुलैमध्ये निदेशकाचे चार दिवस, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली तीन पोरं. मे महिन्यात मालक लग्नांत असतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत गाठा. आणि पोळ्याच्या दिवशी बैठक ठेवू नका, आम्ही एकदा ठेवली होती. मी आणि चौकीदार, दोघंच होतो.